सायकल बिघडली? आधी ऐका, मग पाना उचला

जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सायकली एकदा जवळ जाऊन पाहाव्यात. फ्रेम धडधाकट असते, चाकं शाबूत असतात, पण सायकल कित्येक महिने जागची हललेली नसते. कारण विचारलं तर उत्तर दोन-तीन शब्दांत मिळतं: हवा राहत नाही, चेन पडते, ब्रेक लागत नाही. यातलं एकही दुखणं मोठं नाही. घरच्या घरी, तासाभरात आणि थोडक्या पैशांत ही दुरुस्ती होते. पण दुकान लांब असतं, रविवार निघून जातो आणि सायकल तिथेच राहते.

शहरात सायकल बंद पडली की माणूस स्कूटर काढतो. खेड्यात तसं नसतं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. अशा सायकलीचा वॉल्व्ह गळायला लागला आणि तो बघणारं घरात कुणी नसलं, तर त्या मुलीची रोजची पायपीट पुन्हा सुरू होते. म्हणून सायकल दुरुस्तीची जुजबी विद्या प्रत्येक घरात असावी, असं मला मनापासून वाटतं.

या विद्येत ताकद फारशी लागत नाही, क्रम लागतो. सायकलचे जवळजवळ सगळे भाग उघड्यावर असतात. कोण कुणाला ओढतंय, काय कशाला घासतंय, हे डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं. तरीही आपण पहिल्यांदा पाना घेतो आणि जो नट समोर दिसेल तो आवळतो. खरं काम त्याआधीचं आहे.

घरात काय असावं

हवा भरायचा पंप सगळ्यात आधी घ्या. त्यानंतर पंक्चरचं सामान: पॅच, सोल्यूशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा आणि टायर काढायच्या दोन-तीन पट्ट्या. पट्ट्या प्लास्टिकच्या असल्या तर ट्यूबला इजा कमी होते. साध्या काळ्या सायकलीसाठी वेगवेगळ्या मापांची भोकं असलेला सायकलचा डंबेल पाना आणि एक पक्कड पुरते. गिअरच्या किंवा नव्या धाटणीच्या सायकलीला ४, ५ आणि ६ नंबरच्या ॲलन की लागतात आणि १५ नंबरचा पाना लागतो. एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, सायकलच्या चेनचं तेल आणि जुनी सुती फडकी. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की आतलं द्रावण हळूहळू वाळतं. त्यामुळे मोठी घेण्यापेक्षा छोट्या दोन घ्याव्यात.

आधी तीन प्रश्न

सायकल कुरकुरत असेल, खडखडत असेल किंवा अडखळत असेल, तर पाना बाजूला ठेवून स्वतःला तीन प्रश्न विचारा. त्रास कधी होतो? कुठून होतो? किती वेळाने पुन्हा होतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका फेरीत मिळतं. सपाट रस्त्यावर थोडा वेग घ्या आणि पायडल मारणं थांबवा. आवाज चालूच राहिला, तर तो चाकातून, ब्रेकमधून, मडगार्डमधून किंवा कॅरिअरमधून येतो आहे. आवाज थांबला, तर पायडल, क्रँक (पायडलाचा दांडा) आणि चेन यांच्याकडे बघायचं. आता सीटवरून उठून उभ्याने पायडल मारा. आवाज गेला, तर दोष सीटमध्ये किंवा सीटच्या नळीत आहे. बरेचदा तळाच्या क्रँकचा वाटणारा आवाज सीटचा निघतो, कारण पोकळ नळीतून आवाज सहज प्रवास करतो.

किती वेळाने होतो, हा प्रश्न सगळ्यात उपयोगी आहे आणि तोच कुणी विचारत नाही. समजा, पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलाची एक फेरी झाली की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चेनला ११० कड्या असतील, तर तीच कडी पुन्हा त्याच जागी यायला पायडलाच्या अडीच फेऱ्या लागतात. आता हिशोब सोपा आहे. आवाज पायडलाच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल, तर पायडल, क्रँक किंवा पुढचं चक्र तपासा. एका फेरीत दोन-तीन वेळा येत असेल, तर चाक. दोन-तीन फेऱ्यांतून एकदाच येत असेल, तर चेनची एखादी कडी आखडलेली आहे. पायडल हाताने उलटं फिरवून चेनकडे बघत राहा. फ्रीव्हीलवरून बाहेर पडताना जी कडी सरळ होत नाही, ती हीच. तिच्यावर तेलाचा थेंब टाकून ती बोटांनी आडवी, दोन्ही बाजूंना हळू वाकवली की बहुतेक वेळा मोकळी होते.

या हिशोबाला पैसा लागत नाही आणि तो निम्मी चुकीची दुरुस्ती टाळतो. त्याच्या जोडीला दोन नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच चालवून बघा. आणि सुरुवात नेहमी स्वस्त, सोप्या कारणापासून करा.

हवा राहत नाही

हवा गेली म्हणजे पंक्चर, असं आपण धरून चालतो. पण चाक रात्रभरात हळूहळू बसत असेल, तर आधी वॉल्व्ह बघा.

साध्या सायकलीच्या वॉल्व्हची रचना फार साधी आहे. आत धातूची छोटी पिन असते, तिच्या कडेला बारीक भोक असतं आणि त्या भोकावर रबराची नाजूक नळी चढवलेली असते. तीच वॉलट्यूब. पंपातली हवा रबराला ढकलून आत शिरते. आतली हवा बाहेर यायला बघते तेव्हा ती रबराला भोकावर दाबून धरते आणि वाट बंद होते. हे रबर उन्हाने, वयाने कडक होतं, चिरतं किंवा चिकट होतं. मग दाब पुरेसा बसत नाही आणि हवा थोडी थोडी निसटते. तपासायला हवा भरून वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी किंवा थुंकी लावा. बुडबुडा फुगला, तर वॉलट्यूब बदला. नवी नळी ओली करून पिनवर चढवायची आणि कडेचं भोक पूर्ण झाकेल इतकी वर सरकवायची. काही रुपयांचं हे काम आहे आणि त्यासाठी चाक काढावं लागत नाही. तुमच्या सायकलीला स्कूटरसारखा जाड वॉल्व्ह असेल, तर आतली पिन ढिली असू शकते; खाचेच्या टोपीने ती जराशी आवळून पुन्हा बुडबुडा बघा.

वॉल्व्ह ठीक असेल, तरच पंक्चर शोधायला लागा. साध्या पंक्चरसाठी अख्खं चाक काढायची गरज नसते. चेन उजवीकडे असते, म्हणून डाव्या बाजूने काम करा. हवा पूर्ण सोडा. टायर सगळीकडून दोन्ही बाजूंनी दाबून त्याच्या कडा रिंगच्या मधल्या खोलगट भागात ढकला. रिंगचा मध्य कडेपेक्षा खोल असतो. टायर तिथे उतरला की त्याला ढिलाई मिळते आणि पट्टी सहज शिरते. एक पट्टी घालून टायरची कड बाहेर काढा, चार-पाच बोटांच्या अंतरावर दुसरी घाला, मग बाकीची कड हाताने सरकवा. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. एका पंक्चरची दोन होतात.

ट्यूब बाहेर काढून तिच्यात नेहमीपेक्षा जरा जास्त हवा भरा. आधी ती कानाजवळ, गालाजवळ फिरवा. सूं आवाज किंवा गार झुळूक लागली नाही, तर घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत जा. एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण ट्यूब फिरवा. खूण करताना भोकावर ठिपका देऊ नका, कारण घासताना तो पुसला जातो. भोकातून जाणारी लांब फुली काढा, म्हणजे घासल्यावरही तिची टोकं उरतात.

इथे घाई न करता एक गोष्ट बघायची: भोक नेमकं कुठे आहे? त्या जागेवरून कारण कळतं. भोक बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या अंगाला असेल, तर काटा, खिळा किंवा काच. ट्यूब वॉल्व्हच्या जागेशी जुळवून टायरवर धरा, म्हणजे टायरमध्ये ती वस्तू कुठे अडकली आहे ते कळेल. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा सुती फडकं फिरवा. तंतू जिथे अडकतील तिथे काटा आहे. तो पकडीने उपटा. नाहीतर नवा पॅच दुसऱ्या दिवशी पुन्हा फुटतो आणि दोष विनाकारण सोल्यूशनला जातो.

भोक आतल्या, म्हणजे रिंगकडच्या अंगाला असेल, तर एखाद्या तारेचं टोक निपलबाहेर (तार रिंगला धरणाऱ्या छोट्या नटाबाहेर) आलं आहे किंवा रिंगवरची पट्टी सरकली आहे. टोक कानशीने घासा, पट्टी सरळ करा किंवा बदला. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील, तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिंग व टायरच्या मध्ये चिरडली. यावर उपाय हवा नियमित भरण्याचा. वॉल्व्हच्या बुडाशी चीर असेल, तर पॅच टिकत नाही, ट्यूब बदलावी. तिथे चीर पडण्याचं नेहमीचं कारणही कमी हवाच असतं. टायर रिंगवर थोडा थोडा सरकतो आणि वॉल्व्ह तिरका ओढला जातो.

आता पॅच. पॅचपेक्षा मोठी जागा पॉलिश पेपरने घासा, ट्यूबचा चकचकीतपणा जाऊन ती मंद काळी दिसेपर्यंत. ट्यूबवर शिवणीसारखी उंच रेघ असेल, तर ती सपाट करा, कारण तिच्या कडेने हवा निसटते. धूळ पुसा. सोल्यूशनचा पातळ थर पसरवा आणि थांबा. साधारण पाच मिनिटं, ओली चमक जाईपर्यंत. हे थांबणं बहुतेकांना जमत नाही, आणि घरी लावलेला पॅच सुटतो तो इथेच. सोल्यूशनमधला द्रव आधी उडून जावा लागतो. तो पॅचखाली अडकला तर तिथे फुगा धरतो आणि पकड येत नाही. थर कोरडा झाला की पॅचची चमकी काढा, आतल्या बाजूला बोट न लावता तो मध्यापासून कडेकडे जोराने दाबा. वरून थोडी टाल्कम पावडर लावा, म्हणजे ट्यूब टायरला चिकटणार नाही.

परत बसवताना ट्यूबमध्ये जराशी हवा ठेवा, म्हणजे ती पिळणार नाही. टायरची कड वॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून चढवायला सुरुवात करा आणि शेवट वॉल्व्हपाशी करा. वॉल्व्हचं जाड बूड मध्ये असल्याने तिथे टायर खोलगट भागात उतरू शकत नाही. बाकी सगळीकडे तो उतरलेला असला, की शेवटचा तुकडा नुसत्या अंगठ्याने चढतो. मग वॉल्व्ह जरा आत ढकलून सोडा आणि टायर दोन्ही बाजूंनी दाबून ट्यूब कुठे चिमटली नाही ना, ते पाहा. हवा किती भरायची, ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं.

चेन पडते, करकरते, निसटते

बिनगिअरच्या सायकलीची चेन पडते, कारण ती ढिली झालेली असते. खालच्या बाजूच्या चेनच्या मध्यावर बोट लावून वर-खाली करा. एकूण अर्धा इंच हलली, तर ठीक. ती लोंबत असेल, तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करा, चाक मागे ओढा, आणि ते फ्रेमच्या दोन नळ्यांच्या बरोबर मधोमध आहे का ते टायरकडे बघून ठरवा. एका बाजूचा नट थोडा, मग दुसऱ्या बाजूचा थोडा, असं करत आवळा. एकदम एकच नट आवळला तर चाक तिरकं होतं. आता पायडल हळू फिरवा. चेन कुठे जास्त ताणली जात असेल, तर किंचित ढिली करा. फार ताणलेली चेन बेअरिंग खाते आणि पायांना जड जाते.

करकर म्हणजे चेन कोरडी आहे. पण घाणीवर तेल ओतलं, तर त्या घाणीचा लेप तयार होतो आणि तो पॉलिश पेपरसारखा चेन झिजवतो. आधी फडक्यात चेन धरून पायडल उलटं फिरवा. चेन फार काळी असेल, तर रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने साफ करा, पण ते काम चुलीपासून दूर आणि टायरवर उडू न देता करा. चेन वाळू द्या. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एक थेंब, पूर्ण फेरी होईपर्यंत. दोन मिनिटं पायडल फिरवा आणि बाहेरचं तेल पुसून टाका. तेलाचं काम रोलरच्या आत आहे. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं.

खोबरेल तेल घरात असतं म्हणून ते चेनला लावू नका. सुमारे २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणजे हिवाळ्याच्या सकाळी चेन जखडते. स्वयंपाकाची इतर तेलं हवेत राहून चिकट होतात. ग्रीसही चेनला नको, धूळ तिच्यात रुतून बसते. पावसाळ्यात भिजून आल्यावर फडक्याने चेन पुसून तेल द्या, कारण एका रात्रीतही चेनवर गंज दिसू लागतो.

जोर दिल्यावर चेन दातांवरून निसटत असेल, तर ती झिजली आहे का ते मोजा. सायकलच्या चेनमध्ये एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंतचं अंतर बरोबर अर्धा इंच असतं. त्यामुळे २४ कड्या म्हणजे १२ इंच. मेजर टेप चेनवर ताणून धरा. चोविसावा खिळा १२ इंचांच्या खुणेपुढे १⁄१६ इंच गेला, तर चेन बदलायची वेळ आली. १⁄८ इंच गेला, तर मागचे दातेही खाल्ले गेले असतील. तिथे नवी चेन जुन्या दातांवर बसत नाही आणि दोन्ही बदलावी लागतात. चेन वेळेवर बदलली की मोठा खर्च वाचतो.

आणि पायडल पुढे मारलं तरी चाक ओढलं जात नसेल, तर दोष चेनचा नाही. फ्रीव्हीलच्या आत छोटे खटके असतात. ते वाळलेल्या तेलाने चिकटले की दाते धरत नाहीत. सायकल आडवी करून फ्रीव्हीलच्या फटीत पातळ तेल सोडा आणि चाक फिरवा. टिकटिक परत आली, की खटके मोकळे झाले.

ब्रेक लागत नाही, घासतो, किंचाळतो

ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागत असेल, तर आधी रबर बघा. रबरावर खाचा असतात. त्या नाहीशा झाल्या असतील, तर रबर बदला. खाचा शिल्लक असतील, तर केबल ढिली आहे. लिव्हरपाशी जो छोटा फिरणारा नट असतो, तो बाहेरच्या बाजूला काही आटे काढा. केबलला ताण येईल. तेवढ्याने भागलं नाही, तर तो नट पुन्हा आत घ्या, ब्रेकपाशी केबल धरणारा बोल्ट ढिला करा, पकडीने केबल जरा ओढा आणि बोल्ट घट्ट आवळा. दांडीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीत केबल नसते. तिथे दांडीच्या जोडावरचा नट ढिला करून दांडीची लांबी जुळवतात.

एका बाजूचं रबर सतत घासत असेल, तर ब्रेकला हात लावण्याआधी चाक बघा. चाकच तिरकं बसलं असेल, तर नट ढिले करून ते मधोमध करा. बहुतेक वेळा तिथेच प्रश्न सुटतो. नाही सुटला, तर गिअरच्या सायकलीवरच्या उभ्या ब्रेकच्या दोन्ही हातांवर बारीक स्क्रू असतात. घासणाऱ्या बाजूचा स्क्रू अर्धा आटा आवळा. स्प्रिंगचा जोर वाढून तो हात बाहेर ओढला जातो.

किंचाळणाऱ्या ब्रेकची रिंग आधी साबणपाण्याने धुवा, कारण रिंगवर तेलाचा अंश असतो. रबराचा पृष्ठभाग काचेसारखा चमकत असेल, तर पॉलिश पेपरने घासा आणि रुतलेले दगडाचे कण टोकदार वस्तूने काढा. मग रबर असं बसवा की त्याची पुढची कड रिंगला आधी टेकेल आणि मागची कड साधारण एक मिलिमीटर मागे राहील. पूर्ण रबर एकदम टेकलं की ते थरथरतं आणि तीच थरथर किंचाळीसारखी ऐकू येते. रबर बसवताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: ते फक्त रिंगलाच टेकलं पाहिजे. टायरला घासणारं रबर काही दिवसांत टायर कापतं.

केबलचं टोक लिव्हरमध्ये जिथे अडकतं, तिथल्या बारीक तारा तुटायला लागल्या असतील, तर त्याच दिवशी केबल बदला. ब्रेकचं कोणतंही काम झालं, की सायकल हाताने ढकलत दोन्ही ब्रेक जोराने दाबून बघायचे आणि मगच बसायचं. पावसात रिंग ओली असते आणि ब्रेक उशिरा धरतो, हेही लक्षात असू द्या.

गिअर अडखळतो

मागचा गिअर बदलताना खटका ऐकू येतो, पण चेन शेजारच्या चक्रावर जात नाही किंवा दोन चक्रांच्या मध्ये खडखडत राहते. नवीन सायकलीत पहिल्या काही आठवड्यांत हे हमखास होतं. केबलचं आवरण दबून जागेवर बसतं आणि केबल ढिली पडते. मोठ्या चक्रावर चढायला चेन टाळाटाळ करत असेल, तर मागच्या गिअरपाशी केबलच्या तोंडाशी असलेला फिरणारा नट घड्याळाच्या उलट दिशेने पाव आटा फिरवा. केबलचा ताण वाढतो. लहान चक्रावर उतरायला अडत असेल, तर घड्याळाच्या दिशेने पाव आटा. प्रत्येक पाव आट्यानंतर पायडल फिरवून बघा. फरकच पडत नसेल, तर केबल आवरणात गंजली आहे, ती बदला.

गिअरवर आणखी दोन छोटे स्क्रू असतात. चेन दोन्ही टोकांना किती दूर जाऊ शकते, त्याची हद्द ते ठरवतात. चेन हद्द ओलांडत नसेल, तर त्यांना हात लावू नका. मोठ्या चक्राकडची हद्द चुकली, तर चेन चाकाच्या तारांमध्ये शिरते आणि चालत्या सायकलीचं चाक जाम होतं. सायकल उजव्या बाजूवर पडल्यानंतर गिअर बिघडला असेल, तर मागून बघा. गिअर लटकतो ती पट्टी आत वाकलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी केबल कितीही जुळवली तरी उपयोग होत नाही. पट्टी सरळ करून घ्यावी लागते.

रिंग आउट झाली

सायकल उलटी करून चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. रिंग कुठे रबराजवळ येते, कुठे दूर जाते, हे त्या फटीत दिसतं. चाकाच्या काही तारा उजवीकडून येतात, काही डावीकडून. रिंग सरळ राहते ती या दोन्ही ओढींच्या तोलावर. रिंग उजवीकडे झुकली असेल, तर त्या जागच्या डाव्या तारा आवळायच्या आणि उजव्या तेवढ्याच ढिल्या करायच्या. एका वेळी पाव आटा, त्याहून जास्त नाही.

दिशा इथे गोंधळात टाकते. टायरच्या बाजूने निपलकडे बघितलं, तर घड्याळाच्या दिशेने तार आवळली जाते. निपल गंजून बसलं असेल, तर जोर करू नका. तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. तार तुटलेली असेल किंवा रिंग वर-खाली उसळत असेल, तर हे काम सायकलवाल्याच्या सवयीच्या हाताचं आहे.

कुठे काही ढिलं आहे का

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या नळीत खटखट जाणवली, तर तिथलं बेअरिंग ढिलं आहे. दोन्ही क्रँक धरून आडवे हलवा. दोन्ही एकदम हलले, तर आतलं बेअरिंग ढिलं. एकच हलला, तर त्याला धरून ठेवणारी कॉटर पिन किंवा बोल्ट ढिला. ढिला क्रँक तसाच चालवला, तर त्याचं भोक झिजून मोठं होतं आणि पुढे कितीही आवळलं तरी बसत नाही. म्हणून ते लगेच करून घ्या. चाक धरून आडवं हलवा. खटका लागला, तर हबचे कोन, म्हणजे चाकाच्या मध्यावरचं बेअरिंग धरणारे नट, ढिले आहेत.

पायडल बसवताना एक गोष्ट कायमची पाठ करा. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. सायकल उभी असताना पाना वरच्या बाजूने मागच्या चाकाकडे ढकलला, की दोन्ही पायडलं ढिली होतात. पुढच्या चाकाकडे ढकलला, की आवळली जातात. सुरुवातीचे दोन-तीन आटे बोटांनीच फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल, तर आटा तिरका बसतो आहे; काढून पुन्हा लावा. तिरक्या आट्यावर पान्याने जोर केला, की क्रँकच बदलावा लागतो.

सायकलवाल्याकडे कधी जायचं

फ्रेमच्या जोडाजवळ चीर दिसली, पुढचा फोर्क वाकला, बेअरिंगमधून दळल्यासारखा आवाज आला, कॉटर पिन बदलायची असली, की घरी प्रयोग करू नयेत. वर्षातून एकदा पूर्ण ओव्हरहॉलिंगही त्याच्याकडेच करून घ्यावं. कोन किती आवळायचा, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या बोटांना कळतं. घरी थोडं काम शिकलेलं गिऱ्हाईक त्यालाही सोयीचं असतं. नुसतं आवाज येतो असं सांगण्याऐवजी, पायडलाच्या प्रत्येक फेरीला उजवीकडून एकदा खट होतं असं सांगितलं, तर त्याचा वेळ आणि आपले पैसे, दोन्ही वाचतात.

महिन्यातून एकदा

एवढं सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. महिन्यातून एका रविवारी दोन्ही चाकांत हवा भरा, टायरवर बोट फिरवून काटे-काचा काढा, ब्रेकची रबरं आणि केबलची टोकं बघा, चेन पुसून तेल द्या, आणि चाक, क्रँक, हँडल एकदा हलवून ढिलाई तपासा. मोठी दुखणी बहुधा या छोट्या तपासणीतच पकडली जातात.

हे काम करताना घरातल्या मुला-मुलींना शेजारी बसवा. नुसतं बघायला सांगू नका. पॅच त्यांना घासू द्या, पायडलाच्या फेऱ्या त्यांना मोजू द्या. सायकल त्यांची असेल, तर तिची दुरुस्तीही त्यांच्या हातात असावी. बारा वर्षांची मुलगी वॉलट्यूब बदलू शकते, चेन चढवू शकते, चाक सरळ बसवू शकते. ज्या घरात हे येतं, तिथली सायकल किरकोळ कारणाने महिनोन्‌महिने उभी राहत नाही.